शेजारी बसून लढताना

ख्रिस्तसभेने खेळाकडे नेहमी कपाळाला आठ्या घालूनच पाहिले, असा एक समज आपल्या समाजात रूढ आहे. तो सर्वस्वी खरा नाही. तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास यांनी आपल्या ‘सुम्मा थिऑलॉजिका’ या महाग्रंथात खेळाच्या प्रश्नाचा स्वतंत्रपणे विचार केला आहे. तेथे त्यांनी प्राचीन तपस्व्यांच्या परंपरेतून आलेली एक कथा सांगितली आहे. संत योहान आपल्या शिष्यांसमवेत खेळत असताना काही मंडळींनी त्यांना पाहिले आणि त्यांना ते मुळीच रुचले नाही. त्यांच्यापैकी एकाच्या हाती धनुष्य होते. योहानांनी त्याला बाण सोडावयास सांगितले, पुन्हा सांगितले, आणखी एकदा सांगितले. आणि मग विचारले, की हे तू अखंड करीत राहू शकशील काय? तसे केल्यास धनुष्य मोडेल, असे उत्तर आले. माणसाच्या मनाचेही तसेच आहे, हे योहानांनी मग त्याला समजावले.

एवढे सांगून अक्विनास थांबत नाहीत. अ‍ॅरिस्टॉटलचा आधार घेऊन ते खेळकरपणाला सद्‍गुणांच्या पंगतीत बसवतात. खेळाचा अतिरेक हा जसा दोष, तसाच खेळाचा पूर्ण अभाव हाही दोष, असा त्यांचा निर्वाळा आहे. जो स्वतः कधी हसत नाही आणि दुसऱ्याच्या हसण्यावर विरजण घालतो, त्याला ते सज्जन म्हणावयास तयार नाहीत. सेमिनरीत हा भाग शिकताना आम्हां विद्यार्थ्यांना मोठा दिलासा वाटत असे. मात्र याच तत्त्वाच्या आधारे एका व्हिडिओ गेमविषयी निवाडा देण्याचा प्रसंग पुढे आमच्यावर येईल, असे त्या वेळी कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते.

त्याचे असे झाले. आमच्या धर्मग्रामातील एक कुटुंब परदेशी स्थायिक होण्यास निघाले. जाताना त्यांनी आपले प्लेस्टेशन ४ हे यंत्र युवक मंडळाला भेट दिले. त्यासोबत एकच तबकडी होती. ‘स्ट्रीट फायटर’ या जपानी खेळाला तीस वर्षे झाल्याच्या निमित्ताने कॅपकॉम या कंपनीने मे २०१८ मध्ये काढलेला हा संग्रह. त्यात एकूण बारा खेळ आहेत. काही आठवड्यांतच पॅरिश हॉलमधून आरोळ्या ऐकू येऊ लागल्या, आणि त्यापाठोपाठ पालकांच्या तक्रारी आल्या. ज्या सभागृहात धर्मशिक्षणाचे वर्ग भरतात, तेथे मुले एकमेकांना लाथाबुक्क्या घालण्याचा खेळ खेळतात, हे फादरांना चालते काय? पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत विषय निघाला. दोन्ही बाजूंनी बरेच बोलणे झाले आणि अखेरीस निर्णय आमच्यावर सोपवण्यात आला. आम्ही पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली आणि ते यंत्र आमच्या खोलीत आणवले. जे पाहिले नाही त्याविषयी मत देऊ नये, एवढाच त्यामागील हेतू होता.

वाचकांना कदाचित नवल वाटेल, पण हा खेळ आम्हांस अगदीच अपरिचित नव्हता. नव्वदच्या दशकाच्या प्रारंभी, सेमिनरीच्या सुट्टीत गावी आलो की, स्टेशनजवळच्या व्हिडिओ पार्लरमध्ये आम्ही समवयस्क मित्रांबरोबर जात असू. एका अरुंद गाळ्यात चार-पाच उभी लाकडी पेटाडे, प्रत्येकात एक काच, काचेमागे झगमगणारे चित्र, खाली एक दांडी आणि सहा बटणे. काचेच्या कडेवर नाणे ठेवले की नंबर लागला. जिंकणारा उभा राही, हरणारा बाजूला होई आणि ज्याचे नाणे पुढचे तो पुढे सरसावे. गाळ्याचा मालक गल्ल्यावरून उठत नसे, परंतु तंटा झाला तर त्याचा शब्द अखेरचा असे. कोणाचे आडनाव काय, कोण कुठल्या वाडीतला, कोणाचा बाप काय करतो, हे प्रश्न तेथे कोणी विचारत नसे. हात कसा चालतो, एवढेच पाहिले जाई.

पस्तीस-एक वर्षांनी तोच खेळ आमच्या टेबलावरील पडद्यावर उमटला, तेव्हा प्रथम जाणवले ते त्याचे लहानपण. आठवणीतील ती आकृती केवढी भव्य होती! येथे तर मोजक्या ठिपक्यांची जोडणी करून काढलेली माणसे दिसत होती. परंतु तासाभरात डोळा स्थिरावला आणि त्या ठिपक्यांमागील कारागिरी दिसू लागली. या संग्रहाची जुळणी अमेरिकेतील डिजिटल इक्लिप्स या संस्थेने केली आहे. तिने खेळांसोबत एक छोटे संग्रहालयच जोडले आहे. त्यात मूळ रेखाटने आहेत, पात्रांची माहिती आहे, वर्षवार इतिहास आहे आणि संगीतही आहे. पहिला ‘स्ट्रीट फायटर’ १९८७ मध्ये आला. ताकाशी निशियामा यांनी त्याचे दिग्दर्शन केले होते. खरे सांगायचे तर तो खेळ ओबडधोबड आहे. हाताने केलेली आज्ञा पडद्यापर्यंत कधी पोहोचते, कधी पोहोचत नाही. परंतु १९९१ मध्ये अकिरा निशितानी आणि चित्रकार अकिरा यासुदा यांच्या पुढाकाराने दुसरा भाग आला आणि या प्रकारच्या खेळांचे व्याकरणच त्याने घालून दिले. निशितानी आणि यासुदा ही नावे मात्र खेळाच्या अखेरच्या श्रेयनामावलीत आढळत नाहीत. त्या काळी तेथे टोपणनावेच देण्याचा प्रघात होता. ज्यांनी आमच्या प्राचीन चर्चच्या वेद्या कोरल्या, त्या सुतारांची नावेही कोठे कोरलेली नाहीत, याचे आम्हांस स्मरण झाले.

मुख्य म्हणजे, असा संग्रह निघणे ही केवळ व्यापारी बाब नाही. पार्लरमधील ती यंत्रे नश्वर होती. कॅपकॉमने १९९३ पासून वापरलेल्या एका यंत्रपटात खेळाची किल्ली एका लहानशा बॅटरीच्या आधारे जपलेली असे. नकला होऊ नयेत म्हणून केलेली ती व्यवस्था होती. ती बॅटरी संपली की किल्ली पुसली जाई आणि चांगला धडधाकट खेळ कायमचा मुका होई. अशा वस्तूंची स्मृती कोणीतरी जाणीवपूर्वक पुढे नेली नाही, तर ती उरत नाही. परंपरा या शब्दाचा अर्थ आम्हां धर्मगुरूंना वेगळा सांगावयास नको.

तरीही एक गोष्ट आम्ही बारा खेळांत शोधून शोधून थकलो आणि ती सापडली नाही. आमच्या त्या पार्लरमध्ये रियु नावाचा योद्धा हवेत उडी घेऊन, हवेतूनच, आगीचे गोळे फेकत असे. एक बटण दाबले की लढाईच्या मध्येच माणूस बदलत असे. आम्ही तोच मूळ खेळ समजत होतो. तो मूळ नव्हताच! १९९२ च्या ‘चॅम्पियन एडिशन’ची चोरून केलेली ती नक्कल होती. जगभरच्या जाणकारांत ती ‘रेनबो एडिशन’ या नावाने ओळखली जाते. गंमत अशी, की अशा नकलांचा धुमाकूळ पाहून खुद्द कॅपकॉमने त्याच वर्षाच्या अखेरीस वेग वाढवलेली, हवेतील काही करामतींना परवानगी देणारी ‘हायपर फायटिंग’ ही आवृत्ती काढली. ती संग्रहात आहे. नक्कल नाही आणि असणारही नाही.

बायबलच्या अभ्यासकाला ही परिस्थिती परिचयाची वाटावी. प्रमाण ग्रंथांची यादी निश्चित होते तेव्हा काही लिखाण बाहेर राहते. बाहेर राहिलेले सारेच रद्दी असते असे नाही. मारिया मातेच्या आईवडिलांची योआकिम आणि आन्ना ही नावे आपण भक्तिभावाने उच्चारतो. ती प्रमाण शुभवर्तमानांतून आलेली नाहीत, अप्रमाण ग्रंथांतून आली आहेत. अप्रमाण ते प्रमाणाच्या जागी बसवता येत नाही, हे खरेच. पण सामान्य माणसांनी त्यावर केलेले प्रेम खोटे ठरत नाही. आमच्या पिढीच्या कित्येक मुलांचा स्ट्रीट फायटर त्या यादीबाहेरचा होता. तसाच ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ हा १९९३ चा खेळ. भारतभरच्या पार्लरमध्ये त्याला कोणी या नावाने ओळखत नसे. त्यातील एका पात्रावरून पोरे त्याला ‘मुस्तफा’ म्हणत. कॅपकॉमने २०१८ मध्येच असल्या टोळीयुद्धाच्या सात जुन्या खेळांचा दुसरा एक संग्रह काढला, त्यातही मुस्तफाला जागा मिळाली नाही. असो.

आता पालकांच्या आक्षेपाकडे वळू. हा खेळ मारामारीचा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. दोन माणसे समोरासमोर उभी राहतात आणि दोघांपैकी एक आडवा होईपर्यंत झुंजतात. परंतु मारामारी आणि द्वंद्व यांत फरक आहे, आणि तो फरक नियमांत असतो. डच इतिहासकार योहान हायझिंगा यांनी १९३८ मध्ये ‘होमो लुडेन्स’ या ग्रंथात खेळ म्हणजे रोजच्या व्यवहारापासून वेगळे आखलेले वर्तुळ, असे विवेचन केले आहे. त्या वर्तुळात स्वतःचे कायदे असतात. कपट करणारा निदान कायदा मानण्याचे सोंग तरी करतो. पण डाव उधळून लावणारा ते वर्तुळच मोडून टाकतो. म्हणून समाज दुसऱ्यावर अधिक संतापतो, असे हायझिंगांचे निरीक्षण आहे.

या खेळाचे वर्तुळ कसे आखले आहे ते पाहिले, तर त्यातील शहाणपण थक्क करते. तीन बटणे ठोशांची, तीन लाथांची. हलका, मध्यम आणि जोरकस. हलका वार झटकन बसतो, पण त्याने फारसे नुकसान होत नाही. जोरकस वार मोठा, पण तो चुकला तर मारणारा स्वतःच उघडा पडतो. दांडी मागे ओढून धरली की बचाव होतो. पण बचावात दडून राहणाऱ्याला जवळ येऊन उचलून फेकता येते आणि विशेष वार बचावावर घेतला तरी थोडी शक्ती झिजतेच. म्हणजे जो केवळ मारत सुटतो तोही हरतो आणि जो केवळ लपून राहतो तोही हरतो. गाइल नावाचा एक सैनिक आहे. त्याचा मुख्य वार करण्यापूर्वी दांडी काही काळ मागे धरून ठेवावी लागते. उतावळ्या मुलाच्या हाती गाइल म्हणजे निव्वळ लाकडाचा ठोकळा. ज्याला थांबणे साधले आहे, त्याच्या हाती मात्र तो अभेद्य तट होतो. संयम शिकवण्याचा आम्ही धर्मशिक्षणाच्या वर्गात वर्षानुवर्षे खटाटोप करतो. येथे तो तळहाताला शिकावा लागतो.

कथानकाच्या बाबतीतही आम्हांस काही अनपेक्षित गोष्टी आढळल्या. हाच गाइल आपल्या मित्राच्या हत्येचा सूड घेण्यासाठी स्पर्धेत उतरलेला असतो. सारे प्रतिस्पर्धी हरवून तो अखेरच्या खलपुरुषाला जमिनीवर पाडतो आणि आता ठार मारणार, तोच त्याची पत्नी व लहान मुलगी तेथे येतात आणि त्याला थांबवतात. गाइल सूड सोडून त्यांच्यासोबत घरी जातो. चुन-ली ही दुसऱ्या भागातील आठ निवडण्याजोग्या योद्ध्यांमधील एकमेव स्त्री. ती विजयानंतर आपल्या पित्याच्या थडग्यापाशी जाते. आणि रियु? विजेत्यांच्या चौथऱ्यावर त्याची पहिली जागा रिकामीच असते. बक्षीस घेण्यास तो थांबलेलाच नसतो. चार वाक्यांच्या या कथा आहेत, त्यांचे स्तोम माजवण्याचे कारण नाही. परंतु सूड, शोक आणि मानसन्मान यांविषयी त्या जे सुचवतात ते आमच्या प्रवचनांशी फारसे विसंगत नाही.

सारेच काही निर्दोष आहे, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. भारताचा प्रतिनिधी म्हणून आलेला धालसिम पाहा. गळ्यात लहान कवट्यांची माळ, रबरासारखे लांबणारे हातपाय, तोंडातून निघणाऱ्या योगाच्या ज्वाळा आणि पाठीमागे हत्तींची रांग. आपला देश दुरून पाहणाऱ्या जपानी चित्रकाराला असाच दिसला. पार्लरमधील आम्ही मुले त्यावर हसत असू, आणि तरीही पुष्कळजण हट्टाने धालसिमच निवडत. परक्या देशात बनलेल्या खेळात आपल्या देशाचे नाव झळकते, याचेच कोण अप्रूप होते! आज मुलांना तो खेळताना आम्ही विचारतो, की बाळांनो, आपण जपानी माणसाचे चित्र काढले असते तर त्यात आपणही काय काय ठोकून दिले असते? मुले क्षणभर विचार करतात. तेवढे पुरेसे आहे.

आक्षेप घेणाऱ्या पालकांच्या मनात एक वेगळे भय होते आणि ते निराधार नव्हते. १९९२ मध्येच अमेरिकेत ‘मॉर्टल काँबॅट’ नावाचा खेळ निघाला. त्यात पराभूत प्रतिस्पर्ध्याची रक्तरंजित, किळसवाणी हत्या करण्याची सोय होती. डिसेंबर १९९३ मध्ये अमेरिकी सिनेटपुढे या प्रकारच्या खेळांविषयी सुनावणी झाली आणि १९९४ मध्ये खेळांवर वयोगट छापण्याची पद्धत तेथील उद्योगाने स्वीकारली. दोन्ही खेळ वरकरणी एकाच जातीचे वाटतात. पण एकात झुंज हरल्यावर संपते. दुसऱ्यात हरलेल्याची विटंबना हाच उत्सव असतो. ही सीमारेषा आम्ही महत्त्वाची मानतो. आमच्या हॉलमध्ये दुसऱ्या प्रकारच्या खेळाला प्रवेश नाही, हे आम्ही कौन्सिलला पहिल्याच दिवशी सांगून टाकले.

मात्र पंधरा दिवस एकट्याने खेळल्यावर आम्हांस जी खरी उणीव जाणवली, तिचा उल्लेख कोणत्याही पालकाने केला नव्हता. पार्लरमध्ये हरण्याला किंमत होती. हरलो की पडद्यावर आपल्या योद्ध्याचा सुजलेला, रक्ताळलेला चेहरा दिसे आणि त्याखाली अंक उतरू लागत, नऊ, आठ, सात. त्या अवधीत खिशात दुसरे नाणे असेल तर डाव पुढे चाले, नसेल तर मुकाट्याने घरची वाट धरावी लागे. घरच्या यंत्रात नाणे नाही. बटण दाबावे, हवी तेवढी नाणी आपोआप पडतात. एवढेच काय, डाव वाटेल तेथे गोठवून ठेवता येतो आणि हरलो की पुन्हा त्याच क्षणापासून सुरू करता येतो. पराभव पुसून टाकण्याची ही सोय पाहून आम्ही अस्वस्थ झालो. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, शेजारी कोणी नव्हते. यंत्राला हरवल्याचा आनंद होतो, पण तो आनंद सांगावा कोणाला? यंत्राकडून हरल्याची लाज वाटत नाही, आणि ज्या पराभवाची लाज वाटत नाही त्यातून माणूस काही शिकतही नाही.

येथे एका मुलाविषयी सांगणे प्राप्त आहे. त्याची आणि त्याच्या आईची अनुमती आम्ही घेतली आहे. ओळख पटेल असे काही लिहीत नाही. बारावीच्या परीक्षेत त्याला अपयश आले आणि त्या दिवसापासून त्याने स्वतःला खोलीत कोंडून घेतले. जेवणाचे ताट आत, मोबाइल फोन आत, मिस्साला येणे बंद, मित्रांशी बोलणे बंद. आई आमच्यापाशी येऊन रडत असे. ‘फादर, तो चिडत नाही, ओरडत नाही, नुसता भिंतीकडे बघतो,’ असे ती म्हणाली, तेव्हा आमच्या काळजात चर्र झाले. आम्ही दोनदा त्यांच्या घरी गेलो. त्याने आमच्याशी अदबीने वागून आम्हांस परत पाठवले. समुपदेशकांची भेट ठरवून दिली, ती सुरू झाली. पण घराबाहेर पाऊल टाकण्यासाठी त्याला दुसरे काही कारण उरले नव्हते.

ते कारण हे यंत्र ठरले. युवक मंडळातील एका मुलाने त्याला खेचतच हॉलमध्ये आणले. हे तक्रारींच्या आधीचे. आम्ही त्या संध्याकाळी मागच्या बाकावर प्रार्थनेची पुस्तके मोजत होतो. त्याने पहिला डाव यंत्राशी खेळला आणि हरला. पडद्यावर तो सुजलेला चेहरा आला आणि अंक उतरू लागले. सारे गप्प राहिले. तो नुसता पाहत होता. चार, तीन, दोन. एकावर आला तेव्हा त्याने बटण दाबले. मग शेजारी सहावीतील एक मुलगी येऊन बसली. तिने चुन-ली निवडली आणि त्याला सलग तीनदा लोळवले. चौथ्या वेळी हरल्यावर तो हसला. मोठ्याने नव्हे; नाकातून निघालेला एक उसासाच तो. पण त्या मुलीकडे वळून त्याने विचारले, ‘कसं केलंस गं ते?’ आणि तिने अत्यंत गंभीर चेहऱ्याने, एखाद्या मुख्याध्यापिकेप्रमाणे, त्याला दांडी कशी फिरवायची ते दाखवले.

वाचकहो, आम्ही यात चमत्कार पाहत नाही. तो मुलगा आजही अबोल आहे. परंतु दर बुधवारी आणि रविवारी तो हॉलमध्ये येऊ लागला आणि पंधरा दिवस ते यंत्र आमच्या खोलीत होते तेव्हाही दोनदा येऊन, दाराशी थांबून, परत गेला. निवाडा देताना आमच्यापुढे केवळ खेळाच्या बऱ्यावाईटाचा प्रश्न नव्हता. ज्याला एकदा हरल्यानंतर जगाला तोंड दाखवणे अशक्य झाले, त्याला सर्वांसमोर हरून पुन्हा बसता येईल अशी एक जागा मिळाली होती. ती काढून घ्यावी काय, हा प्रश्न होता.

या विचारात असताना आम्हांस या संग्रहातील अखेरच्या खेळाने वाट दाखवली. ‘थर्ड स्ट्राइक’ हा १९९९ चा भाग. त्यात एक विलक्षण नियम आहे. वार येत असताना दांडी मागे ओढली तर नेहमीप्रमाणे बचाव होतो. पण नेमक्या क्षणी दांडी प्रतिस्पर्ध्याच्या दिशेने, म्हणजे वाराकडे, हलकेच ढकलली तर वार निष्प्रभ होतो आणि अंगावर ओरखडाही उमटत नाही. क्षण चुकला तर पूर्ण वार छातीवर. २००४ साली कॅलिफोर्नियातील पोमोना येथे ‘इव्होल्यूशन’ ही स्पर्धा भरली होती. जपानचा दायगो उमेहारा आणि अमेरिकेचा जस्टिन वाँग यांची लढत चालू होती. दायगोच्या योद्ध्याची शक्ती इतकी संपली होती, की विशेष वार बचावावर घेतला तरी तो कोसळला असता. वाँगने चुन-लीचा पंधरा लाथांचा महावार सोडला. मागे हटून वाचण्याची शक्यताच नव्हती. दायगोने पंधराच्या पंधरा लाथा एकेक करून पुढे सरकण्याच्या त्या हालचालीने परतवल्या आणि मग उलट वार करून फेरी जिंकली. त्या क्षणी प्रेक्षकांनी केलेला कल्लोळ अजूनही ध्वनिचित्रफितीत ऐकता येतो. या खेळाच्या इतिहासातील सर्वांत गाजलेला तो प्रसंग.

पण त्याचा पुढचा भाग फार थोडे सांगतात. अंतिम सामन्यात दायगो हरला. त्या दिवशीचा विजेता दुसराच होता. तरीही लोकांच्या स्मरणात राहिला तो दायगो.

वार येत असताना मागे न हटता, आणि उलट न मारताही, त्याच्या दिशेने एक पाऊल टाकणे. प्रभू येशूने दुसरा गाल पुढे करण्याविषयी जे शिकवले, त्याचा अर्थ पुष्कळदा दुबळेपणाने मार खाणे असा लावला जातो. तसा तो नाही. ते पलायन नव्हे आणि सूडही नव्हे. तो तिसरा मार्ग आहे आणि त्याला दोन्हींपेक्षा अधिक धैर्य लागते. एका खेळावर आम्ही फार मोठे ओझे लादतो आहोत, असे कोणी म्हणेल. परंतु संत पौलांनी करिंथकरांना लिहिताना धावपटूंची आणि मुष्टियोद्ध्यांची उपमा बेधडक वापरली आणि संत जॉन बॉस्को यांनी दोरीवरच्या कसरती दाखवून मुलांना प्रार्थनेपर्यंत आणले. ज्या भाषेत मुले आधीच बोलत आहेत, तिच्यात बोलण्याची लाज वाटण्याचे धर्मगुरूला कारण नाही.

पंधराव्या दिवशी आम्ही कौन्सिलपुढे निर्णय ठेवला. यंत्र हॉलमध्येच राहील. मात्र एकट्याने खेळावयाचे नाही. शेजारी दुसरा माणूस हवाच. डाव गोठवून ठेवण्याची सोय वापरावयाची नाही. हरलो तर हरलो. हरणाऱ्याने उठून जागा द्यावयाची आणि उठताना जिंकणाऱ्याशी हात मिळवावयाचा. मिस्सा, नोव्हेना आणि धर्मशिक्षण यांच्या वेळी पडदा बंद. आणि शेवटची अट अशी, की महिन्यातून एकदा आक्षेप घेणाऱ्या पालकांनीही मुलांच्या शेजारी बसावे. या अटीवर बैठकीत जरा कुजबुज झाली, पण ती मान्य झाली.

गेल्या महिन्यात पालकांची पहिली संध्याकाळ पार पडली. सर्वांत कडक शब्दांत तक्रार करणारे एक गृहस्थ आपल्या मुलाच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. त्यांनी धालसिम निवडला. पाच मिनिटांत दोन फेऱ्या हरले, नियमाप्रमाणे उठले, मुलाशी हात मिळवला आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. त्यांच्या पुढे तो बारावीचा मुलगा उभा होता. पुरवणी परीक्षेचा अर्ज त्याने भरला आहे, हे त्या दिवशी त्याच्या आईने आम्हांस सांगितले. तो मात्र मागे वळून त्या गृहस्थांना समजावीत होता, की अंकल, दांडी आधी खाली, मग तिरकी, मग पुढे.